पान अकरा, ड्रॉइंगप्रमाणे

३ मार्च

अहो,

हे शेवटचं अहो. बावीस वर्षं म्हटलं, जीभ झिजली. पुढच्या ओळीपासून तू. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, शोभतं का हे?" म्हटलं, तुझे बाबा दाढ भरून घ्यायला गेले ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडेच राहिले, ते शोभलं ना? मग हेही शोभेल.

तर तू. तुझी चिठ्ठी लेकीच्या हातून मिळाली. घर माझं, व्हॅन तुझी, वाटणी कबूल. पण तुला रिकामी व्हॅन नको. आपण दोघांनी म्हातारपणी भटकायला म्हणून घेतलेल्या त्या व्हॅनचं फिरतं घर मीच पूर्ण करून द्यायचं, का तर "तुझ्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही". वा रे वा! एका वर्कशॉपात आपण सव्वीस वर्षं गाड्यांच्या बॉड्या बांधल्या, तू वर ड्रॉइंगच्या खोलीत आणि मी खाली फिटर. इतक्या वर्षांत हे वाक्य तुझ्या तोंडून एकदा निघालं नाही. निघालं ते सोडून गेल्यावर, आणि तेही काम काढून घ्यायला.

लेक म्हणते, बाबांना एवढं करून दे आणि विषय मिटव. मुकादम म्हणतो, "वहिनी, तुम्ही होय कशाला म्हटलंत? मी असतो तर चारही चाकं काढून ठेवली असती."

मी होय म्हटलं. दीड महिना लागेल. सुट्टीच्या दिवशी आणि जेवणाच्या सुट्टीत करीन, मागच्या शेडमध्ये.

एकच अट. दोन हिवाळे बसून तू व्हॅनच्या ड्रॉइंगची जी अकरा पानांची वही काढलीस तिची प्रत पाठवतेय. प्रत्येक पानावर सही कर. सहीच्या वर तुझ्या त्या सुबक अक्षरात लिही, "ड्रॉइंगप्रमाणे करावे. बदल नको." वर्कशॉपचा नियमच आहे, तूच तो चौकट करून भिंतीवर लावलास. आता गिऱ्हाईक तू आणि फिटर मी. मागाहून कटकट नको.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझी नजर करवतीवरून हलते, आणि बोटं मला दहाच आहेत.

कळावे, कळत असेल तर.

फिटर

११ मार्च

पट्टीसाहेब,

वर्कशॉपात तुला अजून ह्याच नावानं ओळखतात. खिशातली ती स्टीलची पट्टी तू गेलास तरी लोकांच्या डोळ्यांसमोरून जात नाही. मीही हेच म्हणायचं ठरवलंय, दुसरं काही म्हणायला गेले तर कागद फाटेल.

अकरा पानं मिळाली, अकरा सह्या मिळाल्या. तिसऱ्या पानावर तू न सांगता आणखी एक ओळ घातलीस, "रेघेला हात लावू नये." बरं. नाही लावत.

कामाला हात घालण्याआधी एकदाच विचारते, नंतर म्हणू नकोस की विचारलं नाही. पान दोनवर आतली उंची सहा फूट एक इंच लिहिली आहेस. तू स्वतः सहा फूट. हिशेब नीट बघितलास ना?

तुझी ती बक्षिसाची पितळी प्लेट हॉलच्या भिंतीवरच आहे. चिठ्ठीत मागितलीस, म्हणून सांगते, व्हॅनबरोबर मिळेल. मी स्वतः बसवून देईन.

फिटर

१४ मार्च. हे टाकायचं नाही.

उत्तर आलं तुझं. "उंची कंपनीच्या पुस्तकातून घेतली आहे. तू फिटिंग बघ."

तू फिटिंग बघ! हे वाचलं आणि हसू आलं, खरंच मोठ्यानं हसले. शेजारीण डोकावून गेली.

हे पत्र मी हत्यारांच्या पेटीत, घासकागदाच्या खाली ठेवणार आहे. कुठेतरी एकदा लिहून ठेवायला हवं, नाहीतर फुटेन मी.

अरे, कंपनीच्या पुस्तकात असतो नुसता पत्रा. त्याच्यावर खाली पट्ट्या आणि प्लायवूड येतं, दीड इंच. वर गरम होऊ नये म्हणून अस्तर आणि फळ्या, आणखी दीड. सहा फूट एकमधून तीन इंच गेले, किती राहिले? तुझ्या कागदावर कशालाच जाडी नसते. पहिल्यापासून नाही. तू रेघ मारतोस, आणि रेघेला जाडी नसते म्हणून तुला वाटतं लाकडालाही नसेल.

तुझं पहिलं ड्रॉइंग खाली आलं ते रुग्णवाहिकेच्या कपाटाचं. दार उघडलंच नसतं, स्ट्रेचरला अडलं असतं. आपलं लग्न ठरलेलं नव्हतं तेव्हा. मी वर बघितलं तर तू काचेमागे उभा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. मुकादम ह्याला सगळ्यांसमोर झापणार, असं माझ्या मनात आलं आणि मी गुपचूप दार सव्वा इंचानं लहान केलं. बस, तिथून सुरुवात. सव्वीस वर्षं. तुझं एकही पान मी आहे तसं बांधलं नाही. कुठे पाव इंच चोरला, कुठे बिजागरी फिरवली, आणि तुझं नाव झालं, पट्टीसाहेबांची रेघ चुकत नाही. नियम तू भिंतीवर लावलास आणि मी रोज त्याच्याखाली उभी राहून तो मोडला, तुझ्यासाठी.

एकदा, लेक शाळेत होती तेव्हा, मी म्हणाले होते, "अहो, त्या शिडीच्या मापात जरा..." चहा पीत चौघे बसले होते. तू म्हणालास, "फिटरनं फिटिंग करावं." चौघे हसले. मीही हसले. माझं ते हसणं अजून माझ्या तोंडात कडू लागतं.

आता ऐक. ह्या वेळी मी एक सूतही चोरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ड्रॉइंग जसंच्या तसं उभं राहील. मग रहा त्यात.

२८ मार्च

पट्टीसाहेब,

काम झकास चाललंय. जमीन झाली, भिंती झाल्या, छत झालं. बिछाना आडवा, पान चारवर लिहिल्याप्रमाणे "भिंत ते भिंत". बरोबर भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलाय, पोस्टकार्ड सरकणार नाही मध्ये. बिछान्याखालचे खण आणि समोरचा ओटा ह्यांच्यात तू दिलेली जागाच ठेवली आहे. पाण्याची टाकी, बॅटरी आणि ओटा तिन्ही डाव्या अंगाला, तसंच तू काढलंयस. मी विचारलं होतं, वजन वाटून घेऊ का? तुझं उत्तर, "सौंदर्य बिघडेल." नाही बिघडवत बाबा.

मुकादम येऊन बघून गेला. खण ओढला, तो अर्ध्यावर ओट्याच्या मुठीला धडकला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याला तुझी सही दाखवली. मग तो खाली बसून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. का हसला, विचारू नकोस. जुना माणूस आहे, कशानंही हसतो.

आता शेवटचं पान राहिलं, पान अकरा, गॅस सिलिंडरची पेटी. इतर पानांना एकदा विचारलं तसं ह्यालाही विचारते, आणि ह्याला जरा सावकाश बघ. पेटीच्या तळाशी काही राहिलं का?

फिटर

६ एप्रिल. हेही टाकायचं नाही.

"काही राहिलेलं नाही. पान अकरा हे बक्षीस मिळालेलं डिझाइन आहे, हे तुला मी सांगायला नको."

नको. मला कुणी सांगायला नको.

त्या फिरत्या कँटीनच्या गाडीची पेटी. तू काढलेलीस, चहूबाजूंनी बंद, "फटी नसाव्यात" असं अधोरेखित. दिसायला देखणी. पण गॅस हवेपेक्षा जड. गळला की खाली बसतो, पेटी भरली की नळीच्या वाटेनं आत शिरतो, आणि मग काडी ओढायचा अवकाश. म्हणून तळाला भोक लागतं, गाडीच्या जमिनीतून आरपार, म्हणजे गळलेला गॅस रस्त्यावर पडून उडून जातो. तुझ्या एकाही ड्रॉइंगमध्ये ते भोक नव्हतं. प्रत्येक गाडीत मी पाडलं.

तीन वर्षांनी कँटीनवाल्याच्या सिलिंडरचं रबर कुजलं. आख्खा सिलिंडर गळून गेला आणि सकाळी त्यानं शेगडी पेटवली तरी त्याच्या भुवईचा केसही जळला नाही. तपासणीवाले आले, तळाचं भोक बघितलं, म्हणाले, ज्यानं हे केलं त्यानं माणूस वाचवला. मालकांनी कार्यक्रम ठेवला. तुला पितळी प्लेट दिली, "अचूक आणि सुरक्षित रेखाटनाबद्दल". मी तिसऱ्या रांगेत. आणि तू माइक हातात घेऊन काय म्हणालास, आठवतं? मला शब्दन् शब्द आठवतो. "रेघ बरोबर असली की फिटर कोणीही चालतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी जाऊन सांगणार होते. सरळ सांगणार होते की बक्षीस त्या भोकाला मिळालंय, तुमच्या रेघेला नाही. पण घरात पाऊल टाकलं नाही तोच तू म्हणालास, "ड्रिल आण गं, प्लेट लावून टाकू." मी ड्रिल आणलं. भिंतीला भोकंही मीच पाडली.

तू डॉक्टरीणबाईंकडे गेलास ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. उशी बदलली, पलंग फिरवला, तरी लागलं. पण ते एक वेळ विसरेन. टाळ्या वाजवणारे माझे हात विसरता येत नाहीत.

आज पेटी बसवली. चहूबाजूंनी बंद. फटी नाहीत. बिछान्याच्या अगदी खाली, तुझ्या उशीच्या बाजूला. तळ हातानं चाचपून बघितला, गुळगुळीत आहे.

सही तुझी आहे. "बदल नको" अक्षर तुझं आहे. उद्या काही झालं तर माझ्याकडे कोण बोट दाखवेल? मी विचारलं होतं. सावकाश बघ, असंही लिहिलं होतं.

असंच राहू दे.

१५ एप्रिल. टाकायचं नाही.

ती आली होती. जेवणाची सुट्टी, मी शेडमध्ये डबा उघडून बसलेले, आणि दारात ही. पडद्यांचं माप घ्यायला. तू पाठवलंस की तिची ती आली, देव जाणे. मी मनात तिचं चित्र केलं होतं, उंच, नखरेल, तोंडावर साखर. ही माझ्याहून बुटकी निघाली. चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं चिकटवलेली. व्हॅनमध्ये चढताना चपला बाहेर काढल्या. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून आणखी राग आला.

खिडक्या मोजून झाल्यावर म्हणाली, "झोपून बघू का?" झोपली. तिला पुरला बिछाना. मग उठून बसली, दोन्ही हात पसरून लांबी मापली आणि म्हणाली, "त्यांचे पाय कुठे जाणार?"

"ड्रॉइंगप्रमाणे आहे," मी म्हणाले.

"म्हणजे दुमडून." ती हसायला लागली. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकले.

मग तिनं सिलिंडरची पेटी उघडली. बोटाच्या पेरानं चहूबाजूंनी टकटक करून बघितलं, तळालाही. म्हणाली, "सवय आहे. दुसऱ्यानं भरलेला दात ठोकून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही." झाकण लावलं, आणि तिथेच उकिडवी बसून माझ्याकडे बघत राहिली. "ताई, मला ह्यातलं काही कळत नाही. तुमच्याकडून काही ऐकण्याचा मला हक्कही नाही, ते मला माहीत आहे. पण बांधलंय तुम्ही, म्हणून तुम्हालाच विचारते. हे सगळं ठीक आहे ना?"

मी म्हणाले, "त्यांची सही आहे प्रत्येक पानावर."

"सहीचं नाही विचारलं मी."

भोंगा झाला. मी डबा झाकला आणि कामावर गेले. खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही.

दुपारभर एक स्क्रू सरळ गेला नाही हातून. मुकादमानं विचारलं, बरं नाही का? बरं कसं असेल! सव्वीस वर्षं वर्कशॉपात आणि बावीस वर्षं तुझ्या घरात मी वाट बघितली की कुणीतरी विचारेल, बांधलंय तू, तुला काय वाटतं? आणि विचारलं कुणी? हिनं! जिला शिव्या घालत मी दोन महिने भाकऱ्या गिळल्या तिनं. माझ्या सुडाच्या आड यायला हिला दुसरा दिवस मिळाला नाही?

ती त्या बिछान्यावर झोपणार आहे. उशी तुझ्या शेजारी. हे मला ठाऊक होतं, पण आज तिचं डोकं मी तिथे बघितलं.

२४ एप्रिल

पट्टीसाहेब,

व्हॅन तयार आहे.

हे पाकीट डॉक्टरीणबाईंच्या नावानं पाठवलंय, तेव्हा हे तुझ्या हातात येईपर्यंत त्यांनी सगळं वाचलेलं असेल. न टाकलेली तीन पत्रंही सोबत आहेत. प्रश्न त्यांनी विचारला होता, उत्तर आधी त्यांना मिळायला हवं. बाई, त्या दिवशी ठीक नव्हतं. आता आहे.

तर तू. बाकी सगळं तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे आहे, शपथेवर सांगते. आत उभा राहशील तेव्हा मान खाली घालावी लागेल, उंची पाच फूट दहा आहे. झोपशील तेव्हा गुडघे पोटाशी घ्यावे लागतील. खण अर्धेच उघडतात, मोजे डाव्या हातानं चाचपून काढायचे. टाकी भरली की गाडी डावीकडे कलते, म्हणजे उजव्या कुशीवर झोपलास तरी सकाळी डावीकडेच सापडशील. सौंदर्य अजिबात बिघडवलेलं नाही. प्रत्येक पानावर तुझं अक्षर आहे, मला काही म्हणायची सोय नाही तुला.

एका पानाबाहेर गेले. पान अकरा.

सोळा तारखेला सकाळी भोंग्याच्या आधी शेडमध्ये गेले. तुला वाचवायचं ठरवून गेले, असं वाटून घेऊ नकोस. पेटी उघडली, तोंडानं तुला लाखोली वाहत होते आणि हातानं तळावर खूण करत होते. मग ड्रिल लावलं. प्लायवूड, पट्टी, पत्रा. भुगा खालच्या फरशीवर पडला तेव्हा आतून फरशी दिसली. मग मी तिथेच बसले आणि रडले, रागानं. तुझं काय हवं ते करायचा एवढा कागदी हक्क माझ्या हातात होता, आणि माझ्या हातांना तो वापरता आला नाही. हे हात तुझी चूक आहे तशी सोडून द्यायला शिकलेलेच नाहीत. उंचीचं, बिछान्याचं ठीक, त्यात फार तर टेंगूळ येतं. हे नाही जमलं.

भोकावर जाळी लागते, नाहीतर उंदीर शिरतात. जाळी घरातच होती. भिंतीवरून तुझी प्लेट काढली, आणि तिला एकवीस भोकं पाडली. पितळ चांगलं आहे, ठिणगी उडत नाही. स्क्रूनं पक्की बसवली आहे, अक्षरं वरच्या बाजूला. "अचूक" शब्दातून चार भोकं गेली आहेत, "सुरक्षित"मधून पाच. तुझ्या नावाला हात लावला नाही, ते वाचता येतं. सिलिंडर बदलायचा म्हणजे दर वेळी गुडघ्यांवर बसून आत डोकं घालावं लागेल. तेव्हा वाच.

तू मरायला नकोस मला. मेलास तर सगळं वर्कशॉप जमेल आणि म्हणेल, काय माणूस होता, एक रेघ चुकली नाही त्याची. मुकादम डोळे पुसेल. मला तिसऱ्या रांगेत बसून पुन्हा ते ऐकायचं नाही. तू जग, चांगला नव्वद वर्षं जग, मान वाकडी करून, पाय दुमडून. आणि रोज सकाळी डोळे उघडलेस की आठव, डोळे उघडले ते कशामुळे.

आता शेवटचं. वहीला बारावं पान जोडलंय. ते मी काढलंय, पेटीच्या तळाच्या त्या भोकाचं, आयुष्यातलं माझं पहिलं ड्रॉइंग. रेघ थोडी वाकडी आहे, पण प्लायवूडची जाडी दाखवली आहे, खालच्या पट्टीची दाखवली आहे, पत्र्याचीही. खाली सहीची जागा सोडली आहे. व्हॅनची किल्ली मुकादमाकडे आहे. पान बारा सही करून आणलंस की तो किल्ली देईल, तोवर नाही. तुझ्याच नियमाप्रमाणे, सही नाही तर गाडी नाही.

सहीच्या वर काय लिहायचं तेही सांगते, तुझ्या त्या सुबक अक्षरात, सगळ्यांसमोर, मुकादमाच्या टेबलापाशी उभं राहून लिही.

"हे फिटरनं केलं. ड्रॉइंगमध्ये नव्हतं."

फिटर